खेळाडूवर सोडलेलं काम

व्हिडिओ गेमवर वाढलेल्या माणसाला ‘पहिला खेळ कोणता’ असं विचारलं, तर तो मारिओ, कॉन्ट्रा, टेट्रिस असं एखादं नाव सांगून मोकळा होतो. पहिला रोल-प्लेइंग गेम कोणता, असं विचारलं की मात्र तो सावरून बसतो. मग कळतं, की त्यानं नायकाला धाकट्या भावाचं नाव दिलं होतं, प्रोफेसर ओकच्या टेबलावरच्या तीन पोकेमॉनपैकी बल्बसॉर उचलला होता, मशाल विझल्यावर एका गुहेतून भिंत धरत धरत बाहेर पडला होता. मारिओच्या आठवणीत उड्या मारिओ मारतो. इथे मात्र सांगणारा स्वतःच कुठंतरी जाऊन आल्यासारखा बोलतो. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत आरपीजीमध्ये, खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. गावोगावी लोकांशी बोलून माग काढतो, राक्षसांशी लढून अनुभवाचे गुण मिळवतो, ते पुरेसे साठले की पात्राची ‘लेव्हल’ वाढते, जमवलेल्या पैशातून बरी तलवार घेता येते. बोटं किती चपळ आहेत यापेक्षा वेळ किती दिला आणि काय ठरवलं, याला इथं मोल असतं, आणि खेळ एका बैठकीत संपत नाही, तो कित्येक आठवडे चालतो. या आठवणींना बालपणाचा हळवेपणा म्हणून हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. या खेळांनी, बऱ्याचदा यंत्राच्या नाइलाजानं, बरंचसं काम खेळाडूवर सोडलं होतं, आणि माणसाच्या मनात मुक्काम करून राहतं ते मुख्यतः हे काम, असं माझं म्हणणं आहे.

मुळात हा प्रकार जन्मला तोच कागदावर. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला. चार-पाच जण, फासे, कागदावर मांडलेलं पात्राचं बळ आणि बुद्धी, आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातल्या ‘प्लेटो’ या शिक्षणासाठी उभारलेल्या संगणक-यंत्रणेवर त्याच्या नकला दिसू लागल्या. त्यातल्या एकीचं नाव ‘पेडिट५’, म्हणजे अभ्यासाच्या फाइलींत खपून जावं असं रुक्ष. तरीही व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की ती पुसली जाई. पण घरच्या संगणकावर या प्रकाराचा खरा जम बसवला तो १९८१ च्या ‘विझर्ड्री’नं. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी तो अ‍ॅपल टू संगणकासाठी लिहिला. जमिनीखालचे दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा, आणि पडद्यावर मात्र एका वेळी समोरच्या दोन-चार भिंतींच्या रेषा तेवढ्या दिसायच्या. नकाशा खेळात नव्हताच. ग्राफ पेपर घ्यायचा आणि एकेक पाऊल पेन्सिलीनं उतरवत जायचं. काही चौकोन असे, की पाय ठेवताच गुपचूप तोंड भलतीकडे फिरवत, काही दुसरीकडेच नेऊन टाकत. चारपाच वळणांनंतर खेळाडूच्या ध्यानात येई की आपला अर्धा नकाशा चुकलाय, मग खोडरबर. सहा जणांची तुकडी मेली तर प्रेतं तिथंच पडून राहत आणि नवी तुकडी उभी करून ती आणायला जावं लागे. देवळात पैसे भरून मेलेल्याला उठवायची सोय होती, पण विधी फसला तर राख होई आणि राखेवरचा विधी फसला तर ते पात्र कायमचं गेलं. मरणाची नोंद व्हायच्या आत फ्लॉपी ओढून काढायची, ही युक्ती नियमपुस्तकात नव्हती, पण विझर्ड्रीच्या आठवणींत ती हटकून येते.

१९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपल संगणकांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं युजी होरी आणि कोइची नाकामुरा या दोन जपानी तरुणांनी विझर्ड्री पाहिला आणि ते त्यात गुंतले. होरी ‘शोनेन जम्प’ या मंगा साप्ताहिकात लिहीत, त्यामुळे आपल्या वाचकांत शाळकरी मुलं किती हे त्यांना ठाऊक होतं. अमेरिकेतला हा किचकट प्रकार जपानी घरातल्या टीव्हीवर, निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’वर, कसा आणायचा यावर त्यांनी डोकं चालवलं आणि २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ बाजारात आला. राक्षसांची चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाले अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं. पूर्ण खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवला होता, आज मोबाइलवर आलेल्या एका साध्या फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवण्यासाठी कातकाना लिपीतली वीसच्या आसपास अक्षरं ठेवली आणि राक्षसांची नि गावांची नावं तेवढ्यातूनच जुळवली. होरी यांची हुशारी सुरुवातीतच दिसते. नायक राजाच्या दालनात उभा असतो आणि दार बंद असतं. पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, दाराला लावायची, जिना उतरायचा, असं करत करत मूल नकळत सगळे हुकूम शिकून घेतं. बाहेर आल्यावर पाण्यापलीकडे खलनायकाचा किल्ला दिसतोच. अंतर हाकेचं, पण तिथं पोचायला अख्खा खेळ जातो. आणखी एक गंमत बहुतेकांना त्या वेळी कळलीही नसेल. नायकाला दिलेल्या नावाच्या अक्षरांवरून त्याचं बळ लवकर वाढणार की चपळाई, हे आतल्या आत ठरत असे. म्हणजे धाकट्या भावाचं नाव दिलेला नायक आणि स्वतःचं नाव दिलेला नायक खरोखरच वेगळे वाढत.

आता मूळ मुद्द्याकडे. त्या कॅसेटमध्ये (व्हिडिओ गेमच्या काडतुसाला आपल्याकडे कॅसेटच म्हणत) खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. टीव्ही बंद केला की सगळं गेलं. यावर काढलेला तोडगा म्हणजे राजानं सांगितलेला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’, हिरागाना लिपीतली वीस अक्षरं. नायकाचं नाव, अनुभव, पैसे, शस्त्रं, सगळं त्या वीस अक्षरांत गुंडाळलेलं असे. अक्षरं पाच, सात, पाच आणि तीन अशा गटांत मांडलेली, म्हणजे हायकूच्या बंधाला तीन अक्षरांची शेपटी. खेळाडूंनी पुढे शोधून काढलं की बाशो या कवीची बेडकावरची प्रसिद्ध हायकू शेपटीसकट तिथं भरली, तर राजा तीही खरा मंत्र म्हणून स्वीकारतो. पण रोजचा मंत्र अर्थहीन असे आणि तो वहीत उतरवणं हे जिकिरीचं काम होतं. जुन्या टीव्हीवर अक्षरांच्या कडा पसरलेल्या, त्यात ‘हा’ आणि ‘बा’ यांत फरक दोन बारीक रेघांचा, ‘नु’ आणि ‘मे’ घाईत सारखीच दिसणारी. एक अक्षर चुकलं तरी दुसऱ्या दिवशी मंत्र चुकीचा असल्याचं उत्तर, आणि आठवड्याची कमाई पाण्यात. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. शहाणी मुलं तो दोनदा लिहीत, कुणी मोठ्यांकडून तपासून घेत. सेव्ह करणं हे आज एक बटण आहे, काही खेळांत तर तेही नाही. त्या पिढीसाठी तो रात्री झोपण्यापूर्वीचा गृहपाठ होता, तोही आपखुशीनं केलेला.

अशा कामाचा आणि स्मरणाचा संबंध मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. १९७८ मध्ये नॉर्मन स्लमेका आणि पीटर ग्राफ यांनी दाखवलं, की नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा एखाद्या इशाऱ्यावरून स्वतः जुळवलेले शब्द माणसाच्या जास्त लक्षात राहतात. प्रयोग शब्दांच्या जोड्यांचा आणि साधा होता, पण पुढे तो निरनिराळ्या प्रकारे पुन्हा पुन्हा केला गेला आणि निष्कर्ष टिकला. आषाढीची वारी टीव्हीवर पाहणाऱ्याला दिवे घाटातलं दृश्य आठवतं, चालत गेलेल्याला घाटाचा चढ आठवतो, तसाच हा फरक आहे. आरपीजी हा प्रकार चढासारखा बांधलेला होता. नकाशा काढा, गावकऱ्यांच्या तोंडून आलेली तुटक वाक्यं जोडून पुढे कुठं जायचं ते ठरवा, मंत्र जपून ठेवा. गोष्ट निर्मात्यांनी अर्धीच सांगितली आणि उरलेली खेळणाऱ्यानं पुरी केली. त्यामुळे ती त्याची झाली.

यावर पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो तो वयाचा. माणसाला आयुष्यभरातलं सगळं सारखं आठवत नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयातही गर्दी करतात, हे स्मरणाच्या अभ्यासकांनी अनेकदा नोंदवलं आहे. मग आरपीजीचं वेगळं कौतुक कशाला, त्या वयातलं सिनेमाचं गाणं आणि शाळेच्या सहलीचा डबाही तसाच आठवतो! शिवाय बालवयाचा ठसा मेंदूवर शब्दशः उमटतो याचा पुरावा खुद्द पोकेमॉननंच दिला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर भरपूर पोकेमॉन खेळलेले अकरा प्रौढ आणि कधीच न खेळलेले अकरा, अशा दोन गटांच्या मेंदूचं चित्रण त्यांनी केलं. खेळलेल्यांच्या मेंदूतली, कानामागच्या बाजूची एक ठरावीक घडी पोकेमॉनच्या चित्रांना विशेष प्रतिसाद देत होती, आणि ती जागा सगळ्यांत जवळपास एकच होती. कारण लहानसा पडदा हातभर अंतरावर धरल्यानं ती चित्रं नेहमी नजरेच्या मध्यावरच पडत. वयाचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. पण कोणत्या काळातलं जास्त आठवेल एवढंच वय सांगतं, त्या काळातलं नेमकं काय आठवेल हे सांगत नाही. त्या मुलांनी पडद्याकडे नुसतं पाहिलं नव्हतं. १५१ बारकी काळीपांढरी चित्रं एकमेकांपासून ओळखणं हे खेळात पुढे जाण्यासाठी गरजेचं होतं, म्हणून ती ओळखली गेली. आणि होरी यांचं उदाहरण तर आक्षेपाच्या आडवंच येतं. त्यांचा जन्म १९५४ चा, म्हणजे विझर्ड्रीशी गाठ पडली तेव्हा ते एकोणतिशीचे होते. अ‍ॅपल टू हा मुळात पोरांचा खेळ नव्हताच, १९७७ मध्ये त्याची सुरुवातीची किंमतच १,२९८ डॉलर होती. ग्राफ पेपरवर रात्री घालवणाऱ्यांत पुष्कळसे चांगले मिळवते लोक होते. त्यांची आठवण बालपणाच्या खात्यात कशी टाकणार?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. खेळाडूनं काही ठरवलं, हा भासच होता, गोष्ट सगळ्यांना एकच मिळत होती, असं टीकाकार म्हणतात. खरं आहे. ड्रॅगन क्वेस्टमधली राजकन्या ‘मला सोबत नेशील ना?’ असं विचारते. ‘नाही’ म्हटलं की ती दुखावते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, ‘हो’ म्हणेपर्यंत सुटका नसते. १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर तीन सीडींत आलेल्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये एरिथ ही मुलगी पहिल्या सीडीच्या शेवटी मारली जाते. कुणी काहीही केलं तरी ती मरतेच. तरीही आरपीजीच्या आठवणी निघाल्या की तिचं मरण सगळ्यांत आधी निघतं, आणि ते का, हे पाहण्यासारखं आहे. कादंबऱ्यांत, नाटकांत पात्रं मरतातच. एरिथला मात्र खेळाडूनं तासन्तास वाढवलेलं असतं. तिच्यासाठी काठी विकत घेतलेली, तिला जखमा भरून काढणारे मंत्र दिलेले, तिची लेव्हल चढवलेली असते. त्या क्षणी एक आवडतं पात्र जातं आणि सोबत स्वतःची गुंतवणूकही बुडते. लगेच पुढे एक लढाई येते, पण नेहमीचं लढाईचं संगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सु यांनी तिच्यासाठी रचलेली संथ धूनच चालू राहते, आणि खेळाडूला ती ऐकत ऐकत हुकूम द्यावे लागतात. डोळे पुसायला सवड नाही, काम चालूच. शेवट सगळ्यांचा एक असला, तरी तिथवर आणलेली एरिथ प्रत्येकाची निराळी होती. लढाईत पडलेल्याला उठवणारी औषधं झोळीत असताना ती इथं का चालत नाहीत, हा प्रश्न गेली पंचवीसहून अधिक वर्षं थट्टेत विचारला जातो. त्या थट्टेत तक्रार आहेच, पण आपलं काहीतरी हिरावलं गेल्याची खूणही आहे.

या आठवणी विश्वासार्ह नाहीत, असंही कुणी म्हणेल. नाहीतच. पोकेमॉनच्या पहिल्या खेळात बंदरात, एस. एस. अ‍ॅन या जहाजाजवळ, एक ट्रक उभा आहे. अख्ख्या खेळात दुसरा ट्रक नाही आणि याचाही काही उपयोग नाही. पण त्याच्याखाली म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन दडला आहे, ही वावडी जगभरच्या शाळांत पसरली आणि ‘मला नाही, पण चुलतभावाला मिळाला होता’ असं छातीठोकपणे सांगणारे अजूनही भेटतात. म्यू ट्रकखाली नव्हता. तो विकासाच्या अगदी शेवटी, चाचणीची साधनं काढल्यावर उरलेल्या चिमूटभर जागेत शिगेकी मोरिमोतो यांनी कॅसेटमध्ये बसवला होता आणि साध्या मार्गानं मिळत नसे. ड्रॅगन क्वेस्टबद्दलही एक दंतकथा आहे. १० फेब्रुवारी १९८८ ला तिसरा भाग आला, तेव्हा शाळा बुडवून मुलं रांगेत उभी राहिली, म्हणून जपानी संसदेनं सुट्टीशिवाय हा खेळ विकायला बंदी करणारा कायदा केला म्हणे. रांगा खऱ्या, कायदा खोटा. पण या भाकडकथांनी माझं म्हणणं दुबळं होत नाही. खेळात मोकळ्या जागा होत्या आणि खेळाडूंनी त्या भरल्या, कधी पेन्सिलीनं, कधी थापांनी.

त्या कामात बरंचसं काम निव्वळ कंटाळवाणं होतं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. पुढच्या पुलावरचा राक्षस आवरत नाही म्हणून त्याच मैदानात त्याच लिबलिबीत ‘स्लाइम’ना शंभर वेळा मारत बसायचं, याला खेळणारे ग्राइंडिंग म्हणतात. छोट्याशा कॅसेटमधला खेळ लांबवण्याची ती सोय होती. कष्ट आठवणं वेगळं आणि ते पुन्हा करावेसे वाटणं वेगळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ड्रॅगन क्वेस्टचा तिसरा भाग नव्या रूपात आला, त्यात खेळ आपोआप सेव्ह होतो आणि हवं असेल तर पुढचं ठिकाण दाखवणारी खूणही मिळते. जुन्या खेळाडूंनी ती सोय आनंदानं वापरली तर त्यात विसंगती नाही. उलट २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये कुठं जायचं हे फारसं कुणी सांगत नाही, तरी वर्षभरात त्याच्या दोन कोटी प्रती विकल्या गेल्या. स्वतः शोधण्याची भूक मेलेली नाही, एवढं त्यावरून म्हणता येईल.

महाराष्ट्रात हा प्रकार उशिरा आणि आडवाटेनं आला. नव्वदच्या दशकात इथं टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम मिळत, ते फॅमिकॉमच्याच नकला होते. पण त्यांच्या अनेक-खेळी कॅसेटमध्ये धावायचे, उड्या मारायचे आणि गोळ्या झाडायचे खेळ असत. बऱ्याच आरपीजींना लागणारी सेव्हची बॅटरी त्या स्वस्त कॅसेटमध्ये नसे आणि वाचायला पानंच्या पानं मजकूर लागे, तोही जपानी किंवा इंग्रजी. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन दिसू लागला, म्हणजे इथल्या पोरांना पिकाचू आधी भेटला आणि खेळ नंतर, तोही बऱ्याचदा संगणकावर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर. कायद्याच्या दृष्टीनं ते फारसं शोभेचं नव्हतं. एम्युलेटरवर कुठंही सेव्ह करता येई, वेग वाढवून कंटाळा टाळता येई, तेव्हा माझ्या तर्कानं या पिढीची आठवण फिकी असायला हवी. पण मराठी माध्यमातल्या मुलासमोर वेगळं काम होतं. इंग्रजी संवादांतून कोण काय मागतोय ते लावायचं, ‘पोशन’ म्हणजे औषध आणि ‘एस्केप रोप’ म्हणजे गुहेतून सुटायचा दोर, हे वापरून बघून कळायचं. पोकेमॉनचे मुख्य खेळ आजही मराठीत नाहीत, त्यामुळे ते काम अजून चालूच आहे.

राहता राहिला प्रश्न हे सगळं जपायचा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं केलेल्या पाहणीत दिसलं, की तिथं २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांना दुरून उपलब्ध करून देता यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं फेटाळली. म्हणजे खेळ वाचवण्याची लढाई अवघड आहेच, पण खेळ वाचले तरी खेळाडूंनी केलेलं काम वाचत नाही. ग्राफ पेपर, वह्या, समासातल्या खुणा कोणत्याच संग्रहात आपोआप जात नाहीत. पहिल्या पोकेमॉनच्या कॅसेटमध्ये सेव्हसाठी एक चपटी बॅटरी असते, ती संपली की पंचवीस वर्षांपूर्वीचा बल्बसॉर पुसला जातो आणि परत येत नाही. ज्यांच्या घरी अशा कॅसेट असतील त्यांनी त्या लावून पाहाव्यात, चालत असल्या तर पात्रांची नावं आणि लेव्हल कुठंतरी लिहून ठेवाव्यात. वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. १९८६ मध्ये वहीत नीट उतरवलेला वीस अक्षरांचा मंत्र ड्रॅगन क्वेस्टच्या मूळ कॅसेटला आजही चालतो.